विचित्रता (कणभौतिकी)

विचित्रता हा कणभौतिकीतील एक पुंजांक, म्हणजे कणाची ओळख ठरविणारा एक अंक आहे. तो नेहमी पूर्णांक असतो. मग तो धन असेल, ऋण असेल किंवा शून्य असेल. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि पायॉन यांची विचित्रता शून्य आहे. धन केऑनची अधिक १, लॅम्डा कणाची उणे १ आणि ओमेगा कणाची उणे ३ आहे. आजच्या परिभाषेत सांगायचे तर कणात जितके विचित्र क्वार्क असतील तितके उणे आणि जितके विचित्र प्रतिक्वार्क असतील तितके अधिक, अशी ही बेरीज होय. प्रबल आणि विद्युतचुंबकीय परस्परक्रियांमध्ये ही बेरीज कायम राहते. क्षीण परस्परक्रियेत मात्र ती बदलू शकते.

वरील व्याख्या अचूक असली तरी ती कालक्रमाने शेवटची आहे. क्वार्कची कल्पना १९६४ मध्ये मांडली गेली. विचित्रता हा अंक त्याआधी सुमारे दहा वर्षे वापरात होता. कशाची मोजणी चालली आहे हे ठाऊक नसताना शास्त्रज्ञांनी हिशेब मात्र बिनचूक ठेवला. म्हणून ही संज्ञा समजून घ्यायची तर तिच्या जन्माची हकीकत टाळता येत नाही.

शब्दाविषयी

इंग्रजी ‘स्ट्रेंजनेस’ या संज्ञेसाठी या लेखात ‘विचित्रता’ हा शब्द योजला आहे. इंग्रजी ‘स्ट्रेंज’ या विशेषणात अनोळखी, परका, नेहमीच्या पाहण्यात नसलेला हा अर्थ आधी येतो. वेडावाकडा हा अर्थ मागाहून. मराठीतील ‘विचित्र’चा प्रवास निराळा आहे. संस्कृतात ‘चित्र’ म्हणजे रंगीबेरंगी, डोळ्यांत भरणारा. त्यावरून ‘विचित्र’ म्हणजे नाना रंगांचा, आश्चर्यकारक. आजच्या बोलण्यात मात्र ‘विचित्र माणूस’ म्हटले की किंचित नापसंती डोकावते. नामकरणामागचा भाव ‘अपरिचितता’ या शब्दाने कदाचित अधिक जवळून सांगितला असता. तथापि परिभाषेतील शब्द एकदा अंकाला चिकटला की त्याचा व्यावहारिक अर्थ गळून पडतो. डोक्यावर ओझे घेऊन तासभर स्तब्ध उभ्या असलेल्या हमालाचे ‘कार्य’ भौतिकशास्त्रात शून्य भरते, हे शाळेतील उदाहरण सर्वांना आठवत असेल. ‘विचित्रता’ही तशीच वाचावी. उणे २ विचित्रतेचा कण उणे १ विचित्रतेच्या कणापेक्षा ‘अधिक विचित्र वागतो’ असा तिचा अर्थ नाही.

व्ही-कणांचा शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर हे विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. त्यांचे उपकरण होते क्लाउड चेंबर. बाष्पाने भरलेल्या या पेटीतून विद्युतप्रभारित कण गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते आणि तिचे छायाचित्र घेता येते. पेटीच्या मध्यावर ३ सेंटिमीटर जाडीची शिशाची पट्टी आडवी बसविली होती आणि सारी पेटी चुंबकीय क्षेत्रात ठेवली होती, जेणेकरून रेघांच्या वक्रतेवरून कणांचा संवेग काढता यावा.

सुमारे ५००० छायाचित्रांपैकी दोनच निराळी निघाली. ऑक्टोबर १९४६ मधील एका छायाचित्रात शिशाच्या पट्टीखाली, मोकळ्या वायूत, कोठूनही न आलेल्या दोन रेघा एका बिंदूपासून फाकलेल्या दिसत होत्या. आकृती इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरासारखी, उलटी. मे १९४७ मधील दुसऱ्या छायाचित्रात एका प्रभारित कणाची रेघ मधेच काटकोनाहून लहान कोनात मोडली होती. ही साधी टक्कर असती तर विरळ वायूपेक्षा घनदाट शिशात अशा घटना कितीतरी अधिक दिसावयास हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नव्हत्या. म्हणून उरलेला अर्थ एकच होता: एक अज्ञात कण वाटेत आपोआप मोडला आणि त्याचे तुकडे दोन दिशांना गेले. पहिल्या छायाचित्रात तो कण उदासीन होता, म्हणून मोडण्यापूर्वीची त्याची वाट उमटली नव्हती. त्यांनी काढलेले वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण हजार पट होते. हा निष्कर्ष डिसेंबर १९४७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढील काही वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात उंच पर्वतांवर उपकरणे नेऊन असे अनेक कण टिपले गेले. मेलबर्न विद्यापीठातील व्ही. डी. हॉपर आणि एस. बिस्वास यांना १९५० मध्ये प्रकाशसंवेदी पायसात, म्हणजे छायाचित्रणाच्या जाड लेपात, प्रोटॉनहून जड अशा एका उदासीन कणाचा पुरावा मिळाला. हाच पुढे लॅम्डा म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बर्नार्ड पीटर्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या दशकात फुग्यांमधून अशा पायस-काचा आकाशात पाठविल्या जात. देवेंद्र लाल आणि यश पाल हे तेव्हाचे तरुण संशोधक त्या गटात होते आणि केऑनांच्या अभ्यासात या गटाचा वाटा होता.

कोडे काय होते

नवे कण सापडणे ही काही तक्रारीची बाब नव्हे. अडचण त्यांच्या आयुर्मानाची होती. हे कण अणुकेंद्रांच्या टकरीत पुष्कळ संख्येने निर्माण होत, म्हणजे त्यांची निर्मिती प्रबल परस्परक्रियेने होत असली पाहिजे. जी परस्परक्रिया कण घडविते तीच त्यांना मोडूही शकते. लॅम्डा मोडून प्रोटॉन आणि पायॉन होतात, आणि हे दोघेही प्रबल परस्परक्रियेत भाग घेणारे कण आहेत. तेव्हा लॅम्डाने प्रबल परस्परक्रियेच्या गतीनेच मोडावयास हवे होते. ही गती विलक्षण आहे: सेकंदाचे एकावर तेवीस शून्ये इतके भाग केले तर त्यांतील सुमारे एका भागात काम आटोपते. प्रत्यक्षात लॅम्डा सरासरी एक अब्जांश सेकंदाच्या पाव भागाइतका जगतो. हा अवधी आपल्याला नगण्य वाटेल, परंतु अपेक्षेपेक्षा तो दहा लाख कोटी पटींहून अधिक आहे. जी वात एका सेकंदात विझायला हवी ती तीन लाख वर्षांहून अधिक काळ तेवत राहावी, असा हा प्रकार आहे. छायाचित्रात ‘व्ही’ दिसू शकला तोदेखील याच दीर्घायुष्यामुळे. एरवी त्या कणाने जन्मस्थानापासून अणुकेंद्राच्या व्यासाएवढेही अंतर जेमतेम कापले असते.

सहज जन्मतो आणि मरायला मात्र फार वेळ घेतो: या विसंगतीमुळे हे कण ‘विचित्र’ ठरले. त्यांच्या अंगी अन्य काही चमत्कारिक गुण होता म्हणून नव्हे.

जोडीने जन्म

सुटकेची वाट अब्राहम पाइस यांनी १९५२ मध्ये दाखविली. जपानमधील काही शास्त्रज्ञही त्याच सुमारास अशाच विचारापर्यंत आले होते. त्यांचे म्हणणे असे की हे कण प्रबल परस्परक्रियेत कधी एकेकटे जन्मत नाहीत, जोडीनेच जन्मतात. जन्मानंतर ते एकमेकांपासून दूर जातात आणि एकाकी कणाला प्रबल परस्परक्रियेने मोडता येत नाही, कारण त्यासाठी जोडीदार जवळ हवा. मग उरतो क्षीण परस्परक्रियेचा संथ मार्ग.

हे पडताळून पाहणे विश्वकिरणांत अवघड होते, कारण कोणता कण कधी येईल याचा नेम नसे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे कॉस्मोट्रॉन हा कणवेगवर्धक सुरू झाला आणि हवे तेव्हा, हवे ते कण हाती येऊ लागले. तेथे १९५३ पासून ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळवून मिळविलेल्या छायाचित्रांत लॅम्डा आणि केऑन एकाच टकरीतून निघताना दिसले. जोडीचा नियम खरा ठरला. पण तो का खरा, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

सरकलेला मध्यबिंदू

ते उत्तर मरी गेल-मान यांनी १९५३ मध्ये आणि जपानमध्ये कझुहिको निशिजिमा यांनी तादाओ नाकानो यांच्यासह स्वतंत्रपणे त्याच वर्षी दिले. त्यामागील विचार सोपा आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो सूत्राखाली झाकला जातो, म्हणून येथे थोडा विस्ताराने सांगितला आहे.

जवळपास सारख्या वस्तुमानाचे पण भिन्न प्रभाराचे कण एका कुटुंबात मोडतात, ही कल्पना त्या वेळी रुळलेली होती. तिलाच आयसोस्पिन म्हणतात. प्रोटॉन (प्रभार १) आणि न्यूट्रॉन (प्रभार ०) यांचे एक कुटुंब. त्याचा सरासरी प्रभार, म्हणजे मध्यबिंदू, अर्धा येतो. तीन पायॉनांचे (१, ० आणि उणे १) दुसरे कुटुंब. त्याचा मध्यबिंदू शून्य. नवे कणही याच साच्यात बसतील असे सर्वांनी गृहीत धरले होते: जड कणांच्या कुटुंबाचा मध्य अर्ध्यावर, मेसॉनांच्या कुटुंबाचा शून्यावर. गेल-मान यांनी हे गृहीतकच सोडून दिले. लॅम्डा हा जड कण आहे, पण तो एकटाच आहे आणि त्याचा प्रभार शून्य आहे. म्हणजे त्याच्या कुटुंबाचा मध्य अर्ध्यावरून शून्यावर, अर्ध्या एककाने खाली सरकला आहे. धन केऑन आणि उदासीन केऑन यांच्या जोडीचा मध्य अर्ध्यावर आहे, म्हणजे मेसॉनांच्या शून्यापासून तो अर्ध्या एककाने वर सरकला आहे. या सरकण्याची दुप्पट म्हणजेच विचित्रता: लॅम्डाची उणे १, केऑन-जोडीची अधिक १. दुप्पट करण्याचे कारण एवढेच की अपूर्णांक टळावा.

त्यातून मिळणारे सूत्र असे:

विद्युतप्रभार = आयसोस्पिनचा तिसरा घटक + (बॅरिऑन अंक + विचित्रता) ÷ २

यालाच गेल-मान–निशिजिमा सूत्र म्हणतात. या कल्पनेचे सूत्र आपल्या हाती कसे लागले याविषयी गेल-मान यांनी पुढे सांगितलेली आठवण मनोरंजक आहे. एका व्याख्यानात आपली एक जुनी कल्पना का चालत नाही हे स्पष्ट करताना त्यांच्या तोंडून आयसोस्पिनसाठी ‘पाच छेद दोन’ऐवजी ‘एक’ निघून गेले, आणि बोलता बोलता ते थबकले. चुकून उच्चारलेला अंकच बरोबर होता. निबंधाच्या शीर्षकात नव्या कणांना ‘विचित्र’ म्हणण्यास नियतकालिकाच्या संपादकांनी नकार दिला आणि त्यांना ‘नवे अस्थिर कण’ असे सौम्य नाव द्यावे लागले, हेही त्यांनीच सांगितले आहे. निशिजिमा यांनी याच अंकाला ‘ईटा-प्रभार’ असे नाव दिले होते. ते मागे पडले आणि संपादकांना न रुचलेला शब्द टिकला.

हिशेब कसा करावा

टकरीपूर्वीची एकूण विचित्रता आणि टकरीनंतरची एकूण विचित्रता सारखी असली पाहिजे, एवढाच प्रबल परस्परक्रियेचा नियम आहे. ऋण पायॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरीत आरंभीची बेरीज शून्य. त्यातून उदासीन केऑन (अधिक १) आणि लॅम्डा (उणे १) निघाले तर बेरीज पुन्हा शून्य. ही क्रिया घडते. पाइस यांचा जोडीचा नियम म्हणजे हाच हिशेब.

परंतु नवा नियम जोडीच्या नियमाहून काटेकोर आहे, आणि त्याची खरी कसोटी येथे लागते. त्याच टकरीतून पुढील दोन जोड्या निघू शकतील असे वरवर दिसते:

धन केऑन आणि ऋण सिग्मा;
ऋण केऑन आणि धन सिग्मा.

दोन्हींत विद्युतप्रभाराची बेरीज शून्य, म्हणजे आरंभीइतकीच आहे. दोन्हींत विचित्र कणांची जोडीच आहे. तरीही पहिली क्रिया घडते आणि दुसरी घडत नाही. कारण धन केऑनची विचित्रता अधिक १ आणि ऋण सिग्माची उणे १ असल्याने पहिल्या जोडीची बेरीज शून्य होते. ऋण केऑन हा धन केऑनचा प्रतिकण असल्याने त्याची विचित्रता उणे १ आणि धन सिग्माचीही उणे १, म्हणजे दुसऱ्या जोडीची बेरीज उणे २ भरते. येथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते: धन सिग्मा आणि ऋण सिग्मा हे एकमेकांचे प्रतिकण आहेत असे ते समजतात. ते तसे नाहीत. ते एकाच कुटुंबातील भावंडे आहेत आणि दोघांची विचित्रता उणे १ च आहे. त्यांच्या प्रतिकणांची विचित्रता अधिक १ असते. याच नियमाने दोन न्यूट्रॉनांच्या टकरीतून केवळ दोन लॅम्डा निघू शकत नाहीत, जरी ती ‘जोडी’ असली तरी.

क्षीण परस्परक्रियेने मोडताना विचित्रता एका वेळी एकानेच बदलते. लॅम्डा (उणे १) मोडून प्रोटॉन आणि पायॉन (शून्य) होतात तेव्हा हे एक पाऊल पडते. क्साय कणाची विचित्रता उणे २ आहे. तो थेट प्रोटॉन वा न्यूट्रॉनपर्यंत येत नाही, आधी लॅम्डा होतो आणि मग लॅम्डा मोडतो.

या पायऱ्यांचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे ऋण ओमेगा. गेल-मान आणि युवाल नेमान यांनी १९६१ मध्ये कणांची जी मांडणी स्वतंत्रपणे सुचविली तीत दहा कणांच्या एका त्रिकोणाचे टोक रिकामे राहत होते. तेथे उणे ३ विचित्रतेचा, उणे १ प्रभाराचा, सुमारे १६८० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा कण असला पाहिजे असे भाकीत केले गेले. ब्रुकहेवन येथे निकोलस सॅमिऑस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे एक लाख छायाचित्रे तपासल्यावर फेब्रुवारी १९६४ मध्ये तो सापडला. आजचे त्याचे मोजमाप १६७२ आहे. ऋण केऑन प्रोटॉनवर आदळून ऋण ओमेगा, धन केऑन आणि उदासीन केऑन जन्मले होते: आरंभी उणे १, शेवटी उणे ३ अधिक १ अधिक १, म्हणजे पुन्हा उणे १. त्यानंतर ओमेगापासून क्साय, क्सायपासून लॅम्डा आणि लॅम्डापासून प्रोटॉन, अशा तीन पायऱ्या एकाच छायाचित्रात उतरल्या होत्या.

उणे चिन्हाचे कारण

गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये क्वार्कांची कल्पना मांडल्यावर विचित्रतेचा उलगडा झाला. विचित्र क्वार्क हा उणे एक-तृतीयांश प्रभाराचा, वर आणि खाली या दोन क्वार्कांहून जड असा तिसरा क्वार्क. लॅम्डात एक वर, एक खाली आणि एक विचित्र क्वार्क असतो. क्सायमध्ये दोन आणि ओमेगात तिन्ही विचित्र. धन केऑनमध्ये मात्र विचित्र क्वार्क नसून विचित्र प्रतिक्वार्क असतो.

आता एक अडचण दिसते. विचित्र क्वार्कचीच विचित्रता उणे १ का? त्याला भौतिक कारण नाही. कारण ऐतिहासिक आहे. क्वार्क माहीत नव्हते तेव्हा सरकलेल्या मध्यबिंदूंवरून धन केऑनला अधिक १ दिला गेला होता. पुढे त्या केऑनमध्ये प्रतिक्वार्क निघाला, आणि चिन्ह बदलणे म्हणजे आधीचे सारे लेखन बदलणे ठरले असते. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण ठरला तोही अशाच जुन्या निवडीमुळे.

फाय नावाच्या मेसॉनमध्ये एक विचित्र क्वार्क आणि एक विचित्र प्रतिक्वार्क असतो. त्याची बेरीज शून्य येते. म्हणून ‘विचित्रता शून्य’ याचा अर्थ ‘आत विचित्र क्वार्क नाही’ असा करणे बरोबर नाही. अशा ठिकाणी ‘प्रच्छन्न विचित्रता’ असा शब्दप्रयोग करतात.

जेथे विचित्रता निश्चित नसते

उदासीन पायॉन स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे. उदासीन केऑनचे तसे नाही. त्याची विचित्रता अधिक १ आणि त्याच्या प्रतिकणाची उणे १. दोघांचे वस्तुमान सारखे, प्रभार शून्य. फरक काय तो या एका अंकाचा. क्षीण परस्परक्रिया हा अंक पाळत नसल्याने हे दोघे वाटेत एकमेकांत बदलू शकतात, हे गेल-मान आणि पाइस यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले. शुद्ध अधिक १ विचित्रतेने निघालेला केऑनांचा झोत काही अंतर गेल्यावर पदार्थावर आदळला तर त्यातून लॅम्डा निघताना आढळतात, आणि ते उणे १ विचित्रतेच्या प्रतिकणाशिवाय शक्य नाही. ज्यांना निश्चित आयुर्मान आहे असे दोन केऑन, एक अल्पायुषी आणि एक त्याच्या पाचशेहून अधिक पट जगणारा, हे दोन्ही अवस्थांचे मिश्रण असतात. त्यांची विचित्रता किती, या प्रश्नाला एका अंकात उत्तर नाही.

याच दीर्घायुषी केऑनांच्या अभ्यासात जेम्स क्रोनिन आणि व्हाल फिच यांच्या गटाला १९६४ मध्ये द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वर्तनातील एक सूक्ष्म असमानता आढळली. त्यासाठी त्या दोघांना १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी प्रभारित केऑन कधी दोन तर कधी तीन पायॉनांत मोडतो या कोड्यावरूनच त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी १९५६ मध्ये आरशातील प्रतिमेच्या समतेविषयी शंका उपस्थित केली होती.

आजचा वापर

संशोधनात आज विचित्रता हा शब्द बहुधा दोन संदर्भांत भेटतो. एक म्हणजे हायपरन्यूक्लियस: ज्या अणुकेंद्रात प्रोटॉन-न्यूट्रॉनांबरोबर लॅम्डासारखा विचित्र कणही काही काळ बांधला जातो असे केंद्र. पोलंडमधील मारियान डानिश आणि येझी प्नियेव्स्की यांना असे पहिले केंद्र १९५२ मध्ये पायस-काचेत आढळले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात असे कण असू शकतील काय, या प्रश्नामुळे त्यांचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो.

दुसरा संदर्भ जड अणुकेंद्रांच्या अतिउच्च ऊर्जेच्या टकरींचा. अशा टकरीत क्वार्क आणि ग्लुऑन क्षणभर मोकळे होत असतील तर विचित्र क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोड्या नेहमीपेक्षा अधिक सहज तयार होतील आणि बाहेर पडणाऱ्या कणांत क्साय, ओमेगा यांचे प्रमाण वाढेल, असे योहान राफेल्स्की आणि बर्न्ट म्युलर यांनी १९८२ मध्ये सुचविले. ही वाढ प्रयोगांत दिसली. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतील ‘ॲलिस’ प्रयोगाने २०१७ मध्ये असे दाखविले की पुष्कळ कण निर्माण करणाऱ्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतही विचित्र कणांचे प्रमाण वाढते, आणि जितकी एखाद्या कणात विचित्र क्वार्कांची संख्या अधिक तितकी ही वाढ ठळक असते. या प्रयोगात सहभागी असलेल्या भारतीय संस्थांत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. प्रोटॉनांच्या टकरीत, जेथे अशी अवस्था निर्माण होण्यास पुरेशी जागा नसावी असे मानले जात होते, तेथे ही वाढ नेमकी कशामुळे होते, यावर अद्याप मतभेद आहेत.